झोटेरो ७ मधला अटॅचमेंट प्रीव्ह्यू: काही महिने वापरल्यावर

शोधगंगेवरून, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातून, प्रबंध उतरवणाऱ्यांना ठाऊकच आहे की तिथे एक प्रबंध म्हणजे एक फाइल नसते. मुखपृष्ठ वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, प्रत्येक प्रकरण वेगळं. फायलींची नावं बहुतेक ‘०१_टायटल’, ‘०९_चॅप्टर ३’ अशा धाटणीची. असे चार-पाच प्रबंध एका फोल्डरमध्ये पडले की कुठलं ‘चॅप्टर ३’ कुणाचं, हे फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. माझ्या पीएचडीचं निम्मं साहित्य याच प्रकारातलं आहे, त्यामुळे हा अनुभव त्या अंगानेच वाचावा.

हा पसारा आवरायला मी झोटेरो वापरते. संशोधनाचे संदर्भ आणि त्यांच्या फायली एकत्र ठेवायचं हे सॉफ्टवेअर २००६ पासून आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं, फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. पीडीएफ आतल्या आत वाचायची सोय २०२२ च्या सहाव्या आवृत्तीत आली आणि उजव्या पट्टीतला प्रीव्ह्यू २०२४ च्या सातव्या आवृत्तीत. मधल्या यादीत नोंद (म्हणजे एखादा प्रबंध, पुस्तक किंवा लेख) निवडली की उजवीकडे ‘अटॅचमेंट्स’ विभागात फाइलचं पहिलं पान दिसतं. तिथल्या तिथे पानं पुढे-मागे करता येतात. पीडीएफच नव्हे, ई-पब आणि साठवलेली वेबपानंही दिसतात. वर्ड फाइल मात्र दिसत नाही, ती वर्डमध्येच उघडायची.

खरी मजा आहे विभाग पिन करण्यात. उजव्या कडेला चिन्हांची उभी ओळ असते. त्यातल्या अटॅचमेंटच्या चिन्हावर राइट क्लिक करून विभाग पिन केला की नोंद बदलली तरी तोच विभाग समोर राहतो. मग कीबोर्डवरचा खालचा बाण दाबत जायचं आणि एकेक पहिलं पान बघत जायचं. नवीन उतरवलेल्या ढिगातून कामाचं निवडायला मला याहून सोपा मार्ग सापडलेला नाही.

एका नोंदीला पंधरा फायली जोडलेल्या असतील, तर मूळ नोंदीवर प्रीव्ह्यू एकाच फाइलचा दिसतो. प्रबंधाच्या बाबतीत ती हमखास मुखपृष्ठाची असते, म्हणजे निरुपयोगी. नोंदीशेजारचा बाण दाबून खालच्या फायली उलगडायच्या आणि एकेकीवर क्लिक करायचं. मी प्रीव्ह्यूत प्रकरणाचं शीर्षक वाचून लगेच अटॅचमेंटचं शीर्षक बदलते: ‘प्र. ३ संगीत नाटक व प्रेक्षकवर्ग’. एका प्रबंधाला पाचेक मिनिटं जातात, पण पुढे ते नाव सरळ शोधता येतं.

लहान लॅपटॉपवर उजवी पट्टी अरुंद असते आणि देवनागरी मजकूर बारीक दिसतो. रोमन अक्षरं त्या आकारात निभावून जातात. आपले जोडाक्षर-वेलांटी-रफार नाही निभावत. पट्टी ओढून रुंद करा, नाहीतर ‘व्ह्यू’मधून मांडणी ‘स्टॅक्ड’ करा, म्हणजे पट्टी यादीच्या खाली येते. वाचायचं असेल तर सरळ डबल क्लिक. प्रीव्ह्यू फाइल उघडावी की नाही एवढं ठरवण्यापुरताच आहे.

मराठी साहित्याची एक खास गोम. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले प्रबंध दिसायला अगदी स्वच्छ दिसतात, कारण फॉन्ट फाइलमध्येच असतो. पण त्यातलं वाक्य कॉपी केलं की हाती रोमन अक्षरांचा कचरा येतो, आणि शोधातही तो मजकूर सापडत नाही. स्कॅन केलेल्या पानांचंही तेच, कारण झोटेरो स्वतः ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) करत नाही. अशा पानांवर मी चौकोनी निवड करून तो भाग चित्र म्हणून टिपणात घेते आणि शेजारी दोन ओळी हाताने टाइप करते.

वाचताना केलेल्या पिवळ्या खुणा झोटेरोच्या डेटाबेसमध्ये राहतात, मूळ फाइलमध्ये नाही. मार्गदर्शकांना खुणांसकट पीडीएफ पाठवायची तर ती एक्सपोर्ट करावी लागते. फोल्डरमधून उचलून पाठवलेली फाइल कोरी जाते.

जागेचा हिशेब आधीच करा. झोटेरोच्या सर्व्हरवर फुकट मिळतात ३०० एमबी, आणि स्कॅन केलेले प्रबंध ती भराभर खातात. २ जीबीसाठी वर्षाला २० डॉलर, किंवा स्वतःची वेबडॅव्ह जागा (फायली ठेवायची दुसरी ऑनलाइन जागा) असेल तर फायली तिकडे ठेवता येतात. विद्यापीठाच्या विभागातल्या संगणकावरही काम करत असाल, तर सिंकच्या (दोन संगणकांवरचा संग्रह जुळवून ठेवण्याच्या) सेटिंगमध्ये फायली ‘सिंक करतानाच’ उतरवायचा पर्याय निवडा. ‘गरजेनुसार’ ठेवलं तर त्या संगणकावर न उतरलेल्या फायलींचा प्रीव्ह्यू मिळत नाही.