एअरबेडचा हुक: पाच महिन्यांनंतर

मंगळवारी रात्री आईच्या एअरबेडचा पंप बंद पडला, तेव्हाच ठरवलं की लिहायचं.

आईच्या खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला. घरी सोडताना एअरबेड, म्हणजे पडून राहून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून वापरायची पंपाच्या हवेची गादी, घ्यायला सांगितला. दवा बाजारातून २,६०० ला आणला. फुग्यांचा, नेहमीचाच.

पंपाला मागे हुक आहे, तो फक्त दवाखान्यातल्या लोखंडी नळीवर बसतो. आमचा पलंग आजोबांच्या वेळचा, सागवानी. पायथ्याची फळी चांगली दीड इंच जाड. सुतळीनं बांधला तरी मध्यरात्री धप्पकन खाली! फरशीवर ठेवावा तर घरभर गुरगुर. कंपनीला तीनदा फोन केला. शेवटी उत्तर मिळालं, "सर, पलंग बदलून बघा." २,६०० च्या पंपासाठी सागवानी पलंग बदलू?

बाकी मी खूश होतो. फुगे आपोआप भरतात, रिकामे होतात, मग रात्रीची सिस्टर कशाला? तेवढे पैसे वाचले. नवव्या दिवशी टाचेवर लाल डाग दिसला, बोटानं दाबला तरी पांढरा होईना, म्हणजे जखमेची सुरुवात. मुकाट्यानं सिस्टर बोलावली. तिनं आधी पंपाचा नॉब बघितला. मी फुल्लवर ठेवला होता, म्हटलं जास्त हवा तर जास्त आराम. आई ४८ किलोची, तिच्याखाली गादी दगड झालेली! नॉब वजनाप्रमाणे लावायचा असतो. टाचा तर गादीला टेकूच द्यायच्या नाहीत. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, पायांमध्ये उशी ठेवून. "काका, गादी काही आजींना वळवणार नाही," असं ती म्हणाली, तेव्हा मी हिशेबाची वही बंद केली. तीन आठवडे तिला ठेवली, डाग गेला. म्हणून गादीला माझे तीन तारे, तेही सिस्टर धरून.

आता पंपाचं. वॉरंटी वर्षाची आहे, पण माणूस आला, कोपऱ्यातला पोचा दाखवला आणि म्हणाला, "पडलाय, वॉरंटीत बसत नाही." अहो, पण पडला कशामुळे?

गंमत म्हणजे बुधवारी सकाळी आई म्हणाली, आज कितीतरी दिवसांनी झोप लागली. ती आता वॉकरवर गॅलरीपर्यंत जाते, त्यामुळे डॉक्टरांना विचारून साधी कापसाची गादी घातली. हुक तेवढा मी स्क्रू काढून ठेवून घेतला. वॉकरच्या नळीवर चपखल बसतो. आईची चष्म्याची पिशवी त्यालाच असते.