स्नीकर्स उजळवण्याच्या घरगुती व्यवसायाच्या नावाखाली ४३,३२८ रुपयांची फसवणूक : सोलापूरकरांनी सावध राहावे

जुने, मळलेले स्नीकर्स घरच्या घरी धुऊन, पांढरे करून आणि दुरुस्त करून देण्याचा व्यवसाय मिळवून देतो असे सांगून माझ्याकडून एकूण ४३,३२८ रुपये उकळण्यात आले आणि त्यातला एक रुपयाही आजपर्यंत परत आलेला नाही. मी सोलापुरातल्या टॉवेल-चादरींच्या एका पेढीत हिशेब लिहिते. लोभाला बळी पडलेली अडाणी बाई, असा जो शिक्का पोलीस ठाण्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी माझ्यावर मारला, तो मला मान्य नाही, म्हणून हे सगळे आकड्यांसह लिहीत आहे.

जाहिरात समाजमाध्यमावर आली होती. मोठ्या शहरांत बूट धुऊन देणारी दुकाने निघाली आहेत हे खरे आहे, आणि आपल्याकडेही कॉलेजची मुले चार-पाच हजारांचे बूट वापरतात हेही खरे आहे. त्यामुळे कल्पना हवेतली वाटली नाही. एका जोडामागे ३५० रुपये, महिन्याला किमान ६० जोड कंपनीच गोळा करून घरी पाठवणार, म्हणजे महिन्याला २१,००० रुपये, असा हिशेब मला फोनवर सांगण्यात आला. नोंदणीचे १,४९९ रुपये भरले. त्यानंतर किट आणि प्रशिक्षणाचे १८,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३,३३० रुपये भरले. मग विजापूर रोड आणि जुळे सोलापूर हा विभाग माझ्यासाठी राखून ठेवण्याची अनामत म्हणून १५,००० रुपये मागितले गेले, कारण होटगी रोडच्या एक ताई तोच विभाग घ्यायला तयार बसल्या आहेत, असे मला सांगण्यात आले. शेवटचे ४,९९९ रुपये कशापायी गेले ते पुढे सांगते, कारण तिथे फोनवरच्या त्या माणसाची खरी हुशारी दिसते.

प्रत्येक वेळी पैसे पाठवताना ॲपवर कंपनीचे नाव न येता वेगवेगळ्या माणसांची नावे येत होती. त्यावरूनच कळायला हवे होते, असे आता सगळेच म्हणतात. परंतु आपल्या बाजारात रोज काय चालते? मालकाच्या भावाच्या खात्यावर पैसे मागवणारे कितीतरी व्यापारी मी नोकरीत पाहते आणि त्यांचे व्यवहार चोख असतात. तरीही वाचणाऱ्यांना सांगते की, कंपनी म्हणून मिरवणाऱ्याने व्यक्तीच्या नावावर पैसे मागितले तर तिथल्या तिथे थांबावे.

मला जी गोष्ट खरोखर जाळते आहे ती बिलाची. १८,५०० रुपयांवर जीएसटी लावलेले बिल त्यांनी पाठवले, त्यावर पुण्याचा पत्ता होता आणि जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि ०७ दिल्लीचा असतो, हे मी झोपेतही सांगेन. दिवसभर तेच तर पाहत असते. शिवाय दिल्लीचा विक्रेता आणि सोलापूरची ग्राहक असेल तर बिलात आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागायला हवा, आणि या बिलात सीजीएसटी (केंद्राचा वाटा) १,६६५ आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) १,६६५ असे, एकाच राज्यातल्या व्यवहाराला लागतात तसे, दोन भाग करून दाखवले होते. म्हणजे बिलाच्या वरच्या भागातला क्रमांक एका राज्याचा, पत्ता दुसऱ्या राज्याचा आणि खालच्या कराचा तपशील क्रमांकाशी न जुळणारा, अशी ढळढळीत विसंगती माझ्या डोळ्यांसमोर होती. पेढीत एखाद्या पुरवठादाराने असे बिल आणले असते तर मी ते त्याच्या हातात परत दिले असते. ते बिल आले त्या दिवशी महिन्याची वीस तारीख होती, जीएसटीचे विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस, संकेतस्थळ सकाळपासून अडत होते आणि मी बिल पाहिले ते रिक्षात, मोबाइलच्या पडद्यावर, बेरीज बरोबर आहे एवढेच तपासून. वीस तारखेला हिशेबनिसाच्या टेबलावर काय परिस्थिती असते हे ज्याला माहीत आहे तो मला दोष देणार नाही. जीएसटी क्रमांक कोणालाही सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहता येतो, त्यासाठी लॉगिन लागत नाही, आणि तो कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसते. पैसे भरण्याआधी एवढे कराच.

जाहिरातीतला व्हिडिओही खोटा होता. त्यात सुरुवातीला दाखवलेल्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली होती आणि सोलखालची नक्षी सपाट झालेली होती. धुतल्यानंतर दाखवलेल्या बुटाची नक्षी धारदार होती. घाण धुतली जाते, पण झिजलेले रबर धुऊन परत येत नाही, म्हणजे दुसरा बूट कोरा नवा होता. पण सगळा कॅमेरा वरच्या कापडावर रोखलेला असतो आणि तळ एखादा क्षणच दिसतो. असे कोणतेही ‘आधी आणि नंतर’ पाहताना सोल आणि टाच पाहा.

अनामत भरल्यावर किट आले. खोक्यात तीन बाटल्या, दोन ब्रश, एक पांढरा स्पंज आणि छापील माहितीची चार पाने होती. ‘सोल रिस्टोअर’ असे इंग्रजीत लिहिलेल्या बाटलीचा कागद एका कोपऱ्यात सुटला होता. नखाने सोलला तर खाली दुसरा, जुना कागद निघाला आणि त्यावर ‘डेव्हलपर, २० व्हॉल्युम’ असे शब्द होते. पार्लरमध्ये केस रंगवताना रंगात मिसळतात ती ही मलई, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. पार्लरचे सामान विकणाऱ्या दुकानात ती काही शे रुपयांना मिळते. दुसऱ्या बाटलीत साबणाचे हिरवट पाणी होते आणि ‘फॅब्रिक व्हाइटनर’ म्हणून दिलेल्या तिसऱ्या बाटलीला बाथरूम धुण्याच्या ब्लीचचा वास येत होता.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विश्वासाने मुलाचे पांढरे, जाळीच्या कापडाचे स्नीकर्स सरावासाठी दिले. छापील पानांत लिहिल्याप्रमाणे मी तिसऱ्या बाटलीतले द्रव कापडावर लावले. वाळल्यावर बुटाच्या जिभेच्या कडेला आणि घोट्याजवळच्या फोमच्या भागावर हळदीसारखे पिवळे डाग उमटले. क्लोरीनच्या ब्लीचने सुती कापड पांढरे होते, पण स्नीकर्समधले ताणले जाणारे धागे आणि फोम पिवळे पडतात आणि तो पिवळेपणा पुन्हा निघत नाही, हे मला नंतर कळले. वहिनी “राहू द्या हो ताई, जुनेच होते” म्हणत राहिल्या, तरी मी त्यांना ३,२०० रुपये दिले. ते वरच्या रकमेत धरलेले नाहीत.

त्याच चार पानांत याहून भयंकर मजकूर होता. डाग हट्टी असेल तर तिसऱ्या बाटलीतल्या द्रवात व्हिनेगर मिसळा, असे त्यात लिहिले होते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. माझे पैसे गेले ते गेले, पण हा कागद छापून घरोघरी पाठवणाऱ्या माणसाला एखाद्याचे मूल तिथे शेजारी उभे असेल याची फिकीर नव्हती, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप येतो.

बूट खराब झाल्याचे मी फोनवर सांगितले तेव्हा तो माणूस जराही गडबडला नाही. “मॅडम, बाहेरच्या बुटांवर सराव केला की असे होणारच, पहिल्या खेपेबरोबर आमचा प्रशिक्षक येईल, आणि असे नुकसान झाले तर भरपाई मिळावी म्हणून खेपेचा विमा काढावा लागतो,” असे म्हणून त्याने ४,९९९ रुपये मागितले. नुकतीच शेजाऱ्यांना भरपाई दिलेल्या बाईला विम्याची गरज पटवून द्यावी लागत नाही, हे त्याने बरोबर ओळखले होते. पैसे पोहोचले आणि त्या संध्याकाळपासून नंबर बंद झाला.

ज्यांना आपले बूट घरी उजळवायचे आहेत त्यांनी कोणालाही पैसे देऊ नयेत, कारण यात गुप्त असे काही नाही. नाड्या आणि आतले पाताबे काढून, कोरडी माती झटकून, साध्या डिटर्जंटच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने वरचा भाग घासावा. सोल पिवळा पडतो तो ऊन आणि हवेमुळे. त्यावर तीच २० व्हॉल्युमची मलई हातमोजे घालून फक्त रबराला लावावी, स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकने झाकावी आणि उन्हात ठेवावी. आपल्या सोलापूरच्या उन्हात ती फार लवकर वाळते आणि वाळली की सोलवर पट्टे उठतात, म्हणून मधून मधून उघडून पाहावी आणि पुन्हा लावावी. पिवळेपणा कमी होतो, पण काही महिन्यांनी परत येऊ शकतो. ज्या सोलचा भुगा पडू लागला आहे तो पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा असतो आणि दमट हवेने आतून विरलेला असतो, त्याला जगातली कोणतीही बाटली वाचवू शकत नाही. शेवटचे पाणी बोअरचे वापरू नये; आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार पांढरे चट्टे सोडतात. नळाचे पाणी काही दिवसांआड येत असले तरी एवढ्यापुरते गाळलेले पाणी ठेवावे. धुतल्यावर पांढऱ्या कापडावर साधा पांढरा टिश्यू पेपर गुंडाळून बूट सावलीत वाळवले की पिवळट डाग कागदात उतरतात. स्वेडचे, म्हणजे मखमलीसारख्या चामड्याचे, बूट पाण्यात घालूच नयेत.

आता तक्रारीचे. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येतात. मी आधी बँकेत गेले. विम्याचे ४,९९९ रुपये नुकतेच गेले होते, निदान ते तरी अडवा, अशी विनवणी केली. “पिन तुम्हीच टाकलात ना, मग बँक काय करणार?” हे उत्तर काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता दिले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांना संरक्षण दिले, स्वतः पिन टाकून केलेल्या व्यवहाराला दिले नाही, हे मलाही माहीत आहे. पण समोरच्या खात्याच्या बँकेला कळवणे, तक्रारीची पोच देणे, एवढे तरी त्यांचे काम नाही का? शिक्का मारलेले खाते उतारे मागितले तर खाते ज्या शाखेत उघडले तिथे जा म्हणाले, आणि तिथे गेले तर यंत्र बंद होते.

पोलीस ठाण्यात तर प्रश्नच वेगळा निघाला. “किट आले आहे ना मॅडम? मग फसवणूक कशी? हा दिवाणी वाद झाला, ग्राहक मंचात जा.” काही शे रुपयांच्या बाटल्या पाठवणे हाच या टोळीचा बचाव आहे, वस्तू मिळाली म्हणजे गुन्हा नाही असे कोणीही म्हणावे म्हणूनच खोके पाठवले जाते, हे मी परोपरीने सांगितले. सुरुवातीपासून फसवण्याचाच हेतू असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तो गुन्हाच आहे, हेही सांगितले, त्यावर “तुम्ही वकील आहात का?” असे विचारण्यात आले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. पुण्यातल्या माझ्या मावसभावाने बिलावरच्या पत्त्यावर जाऊन पाहिले, तिथे टायरचे दुकान आहे आणि त्यांनी हे नावही ऐकलेले नाही. खोके पाठवणाऱ्याचा खरा पत्ता कुरिअरवाल्यांकडे आहे. ते म्हणतात पोलिसांचे पत्र आणा. पोलीस म्हणतात आधी पत्ता आणा, मग पाहू. जाहिरातीची तक्रार केली त्या समाजमाध्यमाने आमच्या नियमांचा भंग झालेला नाही असे ठरावीक उत्तर पाठवले, आणि ती जाहिरात, तोच झिजलेला बूट, अजूनही लोकांना दिसतो आहे. कर भरतो आम्ही, रांगेत उभे राहतो आम्ही, झेरॉक्स काढतो आम्ही, आणि प्रत्येक टेबलावर पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगायचे तेही आम्हीच. ज्यांना पगार मिळतो त्यातल्या एकानेही फोन उचलून दुसऱ्या टेबलाशी बोलण्याची तसदी घेतली नाही.

ठाण्यात दखल घेतली नाही तर लेखी तक्रार टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवता येते, ती मी पोचपावतीसह पाठवली आहे. बँकेने तीस दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, तेही करणार आहे. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट किंवा आसपास ज्यांच्याकडे अशाच तीन बाटल्यांचे खोके आले असेल त्यांनी ते फेकू नये. बाटल्यांवरचे कागद सोलू नयेत, फोटो काढून ठेवावेत, आणि खोक्यावरची कुरिअरची चिठ्ठी तर मुळीच फाडू नये, कारण तिच्यावरच्या क्रमांकावरूनच माल कुठून निघाला ते सिद्ध करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि दहा जणांच्या दहा चिठ्ठ्या एकत्र ठेवल्या तर हा दिवाणी वाद आहे असे म्हणणे ठाण्यातल्या साहेबांना जड जाईल.