पॉमपॉम मेकर सेट, बरेच महिने वापरून झाल्यावर: खटका सोडला तर छान

लोकरीचे गोंडे, म्हणजे पॉमपॉम, बनवायचा हा सेट कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. ३५, ४५, ६५ आणि ८५ मिलिमीटर अशा चार साईज, प्रत्येकात दोन अर्धवर्तुळं म्हणजे कमानी, प्रत्येक अर्धवर्तुळाला जोडीने पाती (लोकर यांच्यावरच गुंडाळायची), एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला खटका. लोकर गुंडाळा, बंद करा, कडेने कापा, बांधा, उघडा, झाला गोंडा. व्हिडिओ बघून घ्या, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. मी लिहितोय ते त्या खटक्याबद्दल, कारण ४५ वाल्याचा खटका तुटला आणि तो नेमका सणाची सजावट अर्ध्यावर असताना तुटला, आणि त्यानंतर विकणाऱ्यांनी जी उत्तरं दिली त्यामुळे माझं डोकं अजून गरम आहे.

खटका म्हणजे काय, नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा. पण सगळा डोलारा त्याच्यावर आहे हो. कडेने कात्री फिरवून झाली की लोकरीचे शेकडो सुटे तुकडे नुसत्या पात्यांच्या दाबावर उभे असतात, अजून दोरा बांधलेला नसतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात जर खटका सुटला तर गोंडा बिंडा काही नाही, टेबलावर लोकरीचा भुसा. तो परत गोळा करून काही करता येत नाही. म्हणजे ज्या पार्टवर सगळ्यात जास्त जोर येतो तोच पार्ट यांनी सगळ्यात बारीक केलाय. तुटायच्या आधी बरेच दिवस तिथे एक पांढरी रेघ दिसायला लागली होती. प्लास्टिक एकाच जागी परत परत वाकलं की आधी पांढरं पडतं आणि मग तडकतं. तुमच्या खटक्यावर तशी रेघ दिसली तर समजा दिवस भरत आले.

विकणाऱ्यांना फोटो पाठवला. पहिलं उत्तर आलं, 'सर, हे नॉर्मल वेअर अँड टिअर आहे.' बरं. मी विचारलं, ४५ चं एक अर्धवर्तुळ सुटं मिळेल का, मी पैसे देतो. नाही, सुटे पार्ट मिळत नाहीत, पूर्ण सेट घ्या. तीन चांगले पडलेत, ते काय डोक्यावर घालू? मग फोन लावला तर बाई म्हणाल्या, 'सर, तुम्ही जास्त लोकर भरली असेल, ओव्हरफिल झालं की क्लॅस्प तुटतो.' आता मजा बघा, डब्यात जो कागद येतो त्यावर चित्र काढलंय, कमानीच्या आतली पोकळी पूर्ण भरून लोकर वरच्या काठाशी सपाट, आणि खाली बाण दाखवून लिहिलंय की इतकी भरा. मी तो कागद स्कॅन करून पाठवला. त्यावर उत्तर आलं की चित्र फक्त समजण्यासाठी आहे. मग काय समजायचं त्यातून ते तरी सांगा!

आणि कमी भरली तर काय होतं तेही सांगतो, म्हणजे त्यांच्या सल्ल्यात किती दम आहे ते कळेल. लोकर कमी पडली की गोंडा विरळ होतो, मधली गाठ बाहेरून दिसते आणि झाडावर किंवा दारावर टांगला की केस गळल्यासारखा वाटतो. गोंडा घट्ट गोल हवा तर कमान भरावीच लागते, दुसरा रस्ता नाही. फक्त मधेच ढीग करायचा नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत थर देत जायचं आणि परत यायचं, नाहीतर टोकाशी खळगा राहतो आणि गोंडा अंडाकृती होतो. मग तो गोल करायला कात्री चालवत बसा.

खटक्याचा राग बाजूला ठेवला (थोडा वेळ) तर बाकी साधन खरंच डोकं लावून बनवलंय. मला सगळ्यात आवडते ती दोन पात्यांमधली खाच. पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या कापून जे आपण शाळेत करायचो त्यात मधल्या भोकातून लोकर ओवत बसायला जीव जायचा, भोक भरत आलं की सुई लागायची. इथे पाती उघडतात त्यामुळे लोकरीचा गुंडा हातात धरून सरळ गुंडाळता येतं आणि कापताना कात्रीला खाच मिळते, मग बांधायचा दोराही त्याच खाचेत जाऊन बसतो. लहान टोकदार कात्री लागते मात्र, शिवणाची मोठी कात्री ३५ वाल्याच्या खाचेत शिरतच नाही.

दोऱ्याबद्दल एक सांगून टाकतो कारण निम्म्या लोकांचे गोंडे इथेच बिघडतात. लोकरीनेच लोकर बांधू नका. जोर लावून ओढली की तुटते, आणि जोर लावला नाही तर मधली मूठ सैल राहून तुकडे हळूहळू गळतात. मेण लावलेला दोरा किंवा डेंटल फ्लॉस घ्या, फ्लॉस तर फारच मस्त, बारीक आहे आणि तुटत नाही. आणि पहिल्या गाठीला दोरा एकदाच न ओवता दोनदा ओवायचा, मग घर्षणाने ती गाठ आवळलेली राहते आणि दुसरी मारेपर्यंत सुटत नाही, सर्जन टाके घालताना मारतात ती हीच गाठ. नंतर दोरा फिरवून मागच्या बाजूला परत एक गाठ. टोकं कापू नका! वीतभर लांब ठेवा, त्यानेच टांगायचंय.

आता लोकर. माझी ताई विणते आणि तिची उरलेली लोकर माझ्याकडे येते, त्यामुळे मला खरं तर फुकटच, तरी मी कंजूस आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ८५ वाला पहिल्यांदा भरला तेव्हा ताई बघून म्हणाली, 'अरे, यात तर माझ्या बाळाच्या टोपीची लोकर गेली.' दिसायला ८५ हा ३५ च्या अडीचपटही नाही, पण गोळ्याचा हिशोब तसा नसतो, व्यास दुप्पट केला की माल आठपट लागतो. त्या हिशोबाने एका ८५ च्या गोंड्यात ३५ चे चौदा गोंडे होतात. चौदा! म्हणजे एक अख्खी माळ. एक लठ्ठ गोंडा टांगायचा की माळ करायची हे ज्याने त्याने ठरवावं, मी तो ८५ वाला परत डब्यात ठेवला तो अजून बाहेर काढलेला नाही.

आधी माझी मोठी तक्रार खरं तर वाया जाणाऱ्या लोकरीचीच होती. गोंडा गोल करताना कात्रीखाली जो ढीग पडतो तो बघून पोटात गोळा येतो. पण त्यावर मी आता मत बदललंय. ४५ चा गोंडा कापून ४० चा केला तर प्रत्येक धाग्याची केंद्रापासूनची लांबी साडेबावीस मिलिमीटरवरून वीसवर येते, म्हणजे नववा हिस्सा गेला, बास. ढीग मोठा वाटतो कारण बारीक तुकडे फुलतात, वजन नगण्य. आणि तो ढीगही मी टाकत नाही, पारदर्शक प्लास्टिकचे पोकळ गोळे मिळतात त्यात रंगांचे थर देऊन भरले की तेच लटकन होतं, कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही की आत कचरा आहे.

कुठली लोकर चालते तर साधी अॅक्रिलिक (कृत्रिम) फोर प्लाय, म्हणजे चार पदरी, सगळ्यात बिनधास्त. जाड लोकरीने गुंडाळायचं काम पटकन होतं पण ३५ मध्ये तिचे मोजकेच वेढे बसतात, गोंडा भरड दिसतो. सुती धागा फुलत नाही, पिळ तसाच राहतो, झाडूच्या टोकासारखा दिसतो. ती मखमली लोकर तर आणूच नका, कापली की तिची लव निघत राहते आणि कपड्यांवर, जमिनीवर, नाकात सगळीकडे जाते. चमकीच्या धाग्याची टोकं उसवतात, त्यामुळे तो एकटा न वापरता अॅक्रिलिकबरोबर एक पदर धरून गुंडाळायचा. खऱ्या लोकरीचा गोंडा वाफेवर धरला की छान फुगतो, पण हा सल्ला वाचून अॅक्रिलिकवर इस्त्रीची वाफ मारू नका, उष्णतेने अॅक्रिलिकचा ताठपणा कायमचा जातो आणि गोंडा ओल्या मांजरासारखा पडतो. परत उभा राहत नाही.

तर खटका. तुटल्यावर दोन-तीन दिवस नुसता चिडचिड करत होतो, मग फायलीला लावायची काळी बाइंडर क्लिप त्या तुटक्या टोकाला लावून बघितली. जिथे दोन अर्धवर्तुळं भेटतात तिथे लोकर नसतेच, त्यामुळे क्लिप मधे येत नाही, कात्री तेवढी जागा सोडून दोन्हीकडून आणायची. आणि काय सांगू, मूळ खटक्यापेक्षा पकड घट्ट! कमान गच्च भरली तरी हलत नाही. आता मी ६५ वाल्याचा चांगला खटकाही लावत नाही, त्यालाही क्लिप. म्हणजे तक्रार संपली का? नाही. उलट वाढली. ऑफिसच्या कपाटातली क्लिप जर हे काम इतकं चांगलं करते तर यांनी आधीपासून खटका जाड का केला नाही, किंवा सेटमध्ये दोन क्लिपा का टाकल्या नाहीत? नाहीतर किमान फोनवरच्या बाईंनी तरी सांगायचं की सर क्लिप लावून बघा. मी काय त्यांच्याकडे नवीन साधन मागत होतो का.

क्लिपची कल्पना सुचायच्या आधी माळ अर्धवट लोंबत होती म्हणून आणखी एक प्रकार केला, तो जुनाच आहे, पण मी कधी केला नव्हता. खुर्ची उलटी करून तिच्या दोन पायांभोवती लोकर गुंडाळत सुटायचं, जाडजूड दोर तयार झाला की ठराविक अंतरावर फ्लॉसने करकचून बांधत जायचं आणि दोन बांधांच्या बरोबर मधे कापायचं. एका दमात गोंड्यांची रांगच पडते. साधन नको, खटका नको, बिजागरी नको. गोंडे जरा ओबडधोबड निघतात आणि कात्री जास्त चालवावी लागते हे खरं, आणि बांध ढिला राहिला तर कापल्यावर कळतं तोवर उशीर झालेला असतो. पण माळेसाठी छोटे गोंडे ढिगाने हवे असतील तर ३५ वालं साधन याच्यापुढे टिकत नाही, हे मी सेटचे पैसे भरून बसलेला माणूस सांगतोय म्हणजे बघा. एकेक सुटा, देखणा, हातात घेऊन बघावा असा गोंडा हवा तर मात्र साधनच, त्यातही ४५ आणि ६५.

माळ ओवताना सुई गोंड्याच्या मधोमध गाठीजवळून काढा, कडेने काढली की गोंडा माळेवर मान टाकतो. सण झाला की पिशवीत कोंबू नका, पुठ्ठ्याच्या डब्यात सैल ठेवा. दबलेला अॅक्रिलिक गोंडा हाताने झटकला आणि बोटांनी केस विंचरल्यासारखा फिरवला की बराच उठतो. खऱ्या लोकरीचे गोंडे असतील तर डबा नीट बंद करा, कसरीच्या अळ्या खरी लोकर खातात, अॅक्रिलिकला सहसा तोंड लावत नाहीत. माझ्यासारख्यांना अॅक्रिलिक परवडतं त्याचं हे अजून एक कारण.

पाचपैकी तीन तारे. खाचेचे आणि पात्यांचे चार होते, खटक्याने एक खाल्ला. सुटा ४५ किंवा ६५ मिळत असेल तर तोच घ्या, चारच्या सेटच्या नादाला लागू नका, आणि घेतलाच असेल तर पहिल्या दिवसापासून बाइंडर क्लिप लावा, पांढरी रेघ दिसायची वाट बघू नका. विकणाऱ्यांकडून काल मेसेज आलाय, आमची सेवा कशी वाटली ते कळवा, एक ते पाच आकडा दाबा. लिहायला जागाच दिलेली नाही, म्हणून हे सगळं इथे लिहिलं, आणि तिकडे एक दाबला.