अनुक्रमांक माझाच, ॲम्प्लिफायर पोकळ

यामाहाचा ए-एस २१०० हा सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा, स्टिरिओ ॲम्प्लिफायर विकताना मी लुबाडला गेलो, पण पैसे बुडून नव्हे; पैसे मला पूर्ण मिळाले होते आणि ते मी माझ्या हाताने परत केले. खोटा स्क्रीनशॉट, क्यूआर कोड, लष्करी अधिकाऱ्याची बतावणी हे प्रकार आता सर्वांना पाठ आहेत. मलाही होते, म्हणूनच १,१८,००० रुपये खात्यात जमा झाल्याचे पाहिल्यावाचून मी खोका घरातून हलू दिला नाही.

जहाजावर इलेक्ट्रिकल अधिकारी असताना, २०१६ साली, मी हा ॲम्प्लिफायर १,६२,००० रुपयांना घेतला होता. निवृत्तीनंतर रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या घरी आलो, आणि खाऱ्या हवेने मागचे स्पीकर टर्मिनल हिरवे पडू लागले, तेव्हा वस्तू सडवण्यापेक्षा विकलेली बरी असे ठरवले. मुंबईच्या उपनगरातला ग्राहक मिळाला. त्याने बायस करंट, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरमधून आवाज नसतानाही वाहणारा प्रवाह, विचारला, आउटपुटवरचा डीसी ऑफसेट, म्हणजे तिथे उरणारा नको असलेला डीसी दाब, मिलिव्होल्टमध्ये विचारला, आणि प्रत्येक वाक्याला ‘काका’ म्हटले. असे प्रश्न विचारणारा माणूस भामटा असेल, ही शंका मला यायला हवी होती असे जे आता म्हणतात, त्यांनी स्वतः एकदा असा ग्राहक अनुभवून पाहावा.

नुसता ॲम्प्लिफायर २३.४ किलोंचा, खोक्यासह पावतीवर वजन २८.१ किलो. दोन गड्यांनी मध्ये दम खात तो पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, खाली नेला. ट्रान्सपोर्टचे ३,४५० रुपये मी भरले. खोका पोहोचल्यावर त्याचा फोन आला की चालू करताच प्रोटेक्शन लागते, म्हणजे यंत्र स्वतःला वाचवायला आवाज तोडते, आणि स्पीकर जोडणारा रिले उचलतच नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांनी आत काहीतरी निखळले असणार, त्यात तुमचा काय दोष, काका. त्या रस्त्याविषयी कोणी काहीही सांगितले तरी कोकणातला माणूस ते खरे मानतो. वाटेत बिघाड झाल्यास परत घेईन असे मी लिहून दिले होते, आणि दिलेला शब्द पाळण्यात गैर काय, हे मला अजूनही कोणी पटवून दिलेले नाही.

खोका परत आला तो गणपतीच्या आदल्या दिवशी. घर माणसांनी भरलेले, पाऊस कोसळत होता, आणि एक शिडशिडीत पोऱ्या तोच खोका एकट्याने खांद्यावर टाकून पाखाडी चढून आला. मी ओट्यावर उभा राहून ते पाहिले. दोघांनी धापा टाकत उतरवलेले ओझे वर चढताना एकाच्या खांद्यावर कसे मावले, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. मी मात्र त्याच्या ताकदीचे कौतुक करून त्याला चहा पाजला. परतीच्या पावतीवर १२.६ किलो असे स्वच्छ छापले होते. परतीची वस्तू घेताना सहीआधी वजनाचा आकडा वाचा. फोनवरून ग्राहक ‘अनुक्रमांक जुळवून घ्या’ म्हणत होता, मी जुळवला, आणि तो जुळणारच होता, कारण ॲम्प्लिफायरची बाहेरची पेटी माझीच होती. बंद पडलेला ॲम्प्लिफायर प्लगला लावून काय पाहायचे, असे म्हणून मी वरचे झाकण न काढताच १,१८,००० अधिक परतीचे भाडे २,९०० मिळून १,२०,९०० रुपये पाठवले. रात्री झाकण काढले तर पॉवर ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, हीटसिंकसह आउटपुट बोर्ड, सगळे गायब. विकण्यापूर्वी आतल्या बोर्डांची छायाचित्रे काढून ठेवा; नुसत्या अनुक्रमांकावर विसंबू नका.

पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की वस्तू परत आली, क्रमांकही जुळतो, तर गुन्हा कसला? ही दिवाणी बाब आहे. नुकसानीच्या रकान्यात अंमलदाराने २,९०० रुपये लिहिले, कारण बाकीचे पैसे ‘मुळात त्याचेच’ होते. मी जोर धरला तेव्हा मुंबईला जाण्याचा सल्ला मिळाला, आणि मुंबईच्या ठाण्याने फोनवर मला पुन्हा गावाकडे वळवले. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची खबर नाकारता येत नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवून मालमत्ता हस्तगत करण्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मी वाचून दाखवले तर ‘साहेब वकील आहेत का?’ असा टोमणा ऐकावा लागला. बँकेने व्यवहार तुमच्याच संमतीचा म्हणून हात झटकले, ट्रान्सपोर्टवाल्याने सीलबंद खोका पोचवल्याची माझीच सही पुढे केली, आणि त्या खरेदीदाराविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जावे तर कायद्याच्या व्याख्येत मी विक्रेता, ग्राहक नव्हेच. ठाण्याने नाकारल्यास त्याच कलम १७३ प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांकडे लेखी, टपालाने पाठवता येते. मी ती दोन्ही पावत्यांच्या प्रतींसह पाठवली आहे. उत्तर आलेले नाही.

या मॉडेलचा आउटपुट बोर्ड कोणी सुटा विकायला काढला, तर त्यावरचा डाव्या चॅनलचा स्पीकर रिले पाहावा. तो मी बदललेला आहे, आणि त्याच्या एका पायाला निळ्या वायरचा तुकडा जोडलेला आहे.