जूनला सुरू होणारा प्लॅनर

मी साताऱ्यात एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. पाचवी ते दहावी, आठवड्याला अठ्ठावीस तासिका. शासकीय रेखाकला परीक्षेचे, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे जादा तास वेगळे. सहा वर्षं मी मनासारखा कागदी प्लॅनर शोधत होते. मोबाइलमध्ये आठवण लावता येते, पण अख्खा आठवडा एका नजरेत दिसत नाही. आणि मला तारखेशेजारीच चित्र काढायचं असतं, ते तिथे जमत नाही.

यंदा प्लॅनर मिळाला. तयार नाही, पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका बोळातल्या बाइंडरकाकांकडून बांधून घेतला. सात महिने रोज वापरल्यावर लिहिते आहे. त्याआधी काय काय वापरलं तेही सांगते, कारण मला नेमकं काय हवंय हे त्यातूनच कळत गेलं.

सुरुवात सगळ्यांसारखीच, भेट मिळालेल्या डायरीने. एका पानावर एक दिवस, आणि शनिवार-रविवार मिळून एकच पान. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. त्या दिवशी चित्रकलेच्या जोडतासिका असतात, म्हणजे माझा सगळ्यात भरगच्च दिवस शनिवार. त्यालाच अर्धं पान! कागद तर असा की शाईचं पेन टेकवलं की अक्षर फुटायचं आणि मागच्या पानावर उमटायचं.

पण खरी अडचण त्याहून मोठी होती. डायरी जानेवारीत सुरू होते आणि डिसेंबरला संपते. माझं वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होतं आणि एप्रिलअखेर निकालाबरोबर संपतं. डिसेंबर-जानेवारी म्हणजे स्नेहसंमेलनाचे दिवस. रंगमंचाची सजावट, मुखवटे, पडदे, कुठल्या वर्गाकडून किती पुठ्ठा यायचाय, या सगळ्या याद्या ऐन रंगात असताना डायरी बदलायची. निम्म्या याद्या जुनीत, निम्म्या नवीत. एका वर्षी पडद्याच्या कापडाची मापं जुन्या डायरीत राहिली, ती डायरी घरी राहिली, आणि मी दुकानात अंदाजाने कापड फाडून घेतलं. दीड मीटर कमी पडलं.

मग ऑनलाइन एक देखणा प्लॅनर मागवला, बाराशे रुपयांचा. त्यात पाणी किती प्यायलं त्याचे पेले, आजचा मूड कसा त्याचे चेहरे, दर आठवड्याला एक इंग्रजी सुविचार. माझ्या उपयोगाची जागा पानाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच. पानं शिवलेली नव्हती, कण्याला नुसता गोंद लावून चिकटवलेली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ऑगस्ट महिना सुटून हातात आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण एवढं सांगते: विकत घेण्याआधी वही मधोमध उघडून पाहा, दोरा दिसतो का ते.

तिसरी वही सहकारी मैत्रिणीने भेट दिली, लॉइशटुर्म १९१७ची ए-फाइव्ह ठिपक्यांची. जर्मन कंपनी, ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा कागद, २५१ पानं, प्रत्येक पानावर छापील क्रमांक आणि सुरुवातीला अनुक्रमणिकेची पानं. या वहीने मला शिस्त लावली. रायडर कॅरोल या अमेरिकन डिझायनरची बुलेट जर्नलची पद्धत मी तिच्यातच शिकले. कामापुढे ठिपका, झालं की फुली, राहिलं की बाण काढून ते पुढच्या पानावर न्यायचं. तोच बाण एका कामाला तिसऱ्यांदा काढावा लागला की कळतं, हे काम मला करायचंच नाहीये. मग ते मी सरळ खोडते. वही उत्तम. मात्र ८० जीएसएमचा कागद लिहिण्यासाठी असतो, जलरंगाचं पाणी धरणं त्याचं काम नाही. आणि मला नवव्या तासिकेनंतर पाच मिनिटं मिळाली तरी ब्रश ओला करायचा असतो.

भाचीकडे होबोनिची टेचो पाहिली आणि हेवा वाटला. जपानी, ए-सिक्स आकार, एका दिवसाला एक पान, ३.७ मिलिमीटरच्या चौकटी, आणि तोमोए रिव्हर नावाचा कागद, इतका पातळ की वर्षाची पानं तळहातात मावतात. पण मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. ती जानेवारीपासूनही मिळते आणि एप्रिलपासूनही. जपानात शाळा आणि कचेऱ्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून वहीसुद्धा. त्या दिवशी ठरवलं, माझी वही जूनला सुरू होईल.

मे महिन्यात पुण्याला बहिणीकडे होते तेव्हा बाइंडरकाकांकडे गेले. दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली. कटिंग मशीन, लाकडी शिकंजा, खळीचं पातेलं आणि छतापर्यंत ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं. मी साताऱ्याहून ए-फोर कागदांचं पुडकं घेऊन गेले होते, मधोमध दुमडले की ए-फाइव्ह होतील असा हिशेब. काकांनी एक कागद उचलला, आधी आडवा वाकवला, मग उभा, आणि मला म्हणाले, "ताई, आता तुम्ही वाकवा." मी वाकवला. एका बाजूला कागद सहज लवत होता, दुसऱ्या बाजूला हाताला विरोध करत होता. "हा याचा ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. बाजारातल्या ए-फोरचा बहुतेक वेळा लांबीला धरून असतो. तो असा मधे दुमडला तर ग्रेन कण्याला आडवा येतो. मग वही उघडी राहत नाही, पानं फुगतात, कण्यापाशी लाटा येतात. ग्रेन कण्याला समांतरच पाहिजे."

पंचवीस वर्षं कागद हाताळते आहे मी. विद्यार्थ्यांना कार्ट्रिज पेपरची, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदाची खरखरीत बाजू कुठली हे बोटाने ओळखायला शिकवते. पण हे मला कुणी असं हातात देऊन दाखवलं नव्हतं. काकांनी माझं पुडकं परत दिलं आणि मोठ्या शीटमधून ग्रेन बरोबर येईल असे १०० जीएसएमचे चाळीस कागद कापून दिले. मी ते झेरॉक्सच्या दुकानातून दोन्ही बाजूंनी ठिपके छापून आणले, पाच मिलिमीटर अंतरावर, फिकट राखाडी. सगळीकडे ठिपकेच असल्यामुळे कुठलं पान कुठे येणार ही डोकेदुखी नाही.

चार-चार कागद एकात एक घालून सोळा पानांचा एक जुज, असे दहा जुज. त्यांच्यामध्ये जाड कार्ट्रिजचे आठ-आठ पानांचे चार जुज, मी सांगितलेल्या जागी: गणपतीच्या आधी, रेखाकला परीक्षेच्या सुमारास, दिवाळीनंतर आणि स्नेहसंमेलनाला. एकूण १९२ पानं. जुजबंदी शिलाई, वर खादीचं निळं कापड, दोन रिबिनी. कागद १४०, छपाई १६०, बांधणी ३८०. सगळे मिळून ६८० रुपये.

आठवडा मी रविवारी संध्याकाळी आखते, पट्टी-पेन्सिलीने दहा मिनिटांत. डाव्या पानावर सोमवार ते शनिवार सहा सारखे रकाने, प्रत्येक सहा घरं उंच. खाली रविवारची बारीक पट्टी. तिथी आणि सण भिंतीवरच्या कालनिर्णयमधून उतरवते. उजवं पान मोकळं. जुलैतला आषाढीचा आठवडा उघडला तर डावीकडे "मंगळ: ७ब, स्मरणचित्र, विषय दिंडी" एवढंच आहे, आणि उजवीकडे सहा छोट्या चौकटींत फळ्यावर काय काढायचं त्याच्या रचना: पताका कुठे, टाळकरी पुढे की तुळशीवाली, मोकळी जागा कोणत्या कोपऱ्यात. तिसऱ्या चौकटीवर मी खूण केली आहे, त्या वर्गात तीच काढली. पुढच्या वर्षी सातवीला हाच विषय घेताना तयारी इथूनच सुरू होईल. आधी हे सगळे कागद वेगवेगळ्या पाकिटांत जायचे आणि सापडायचे नाहीत. तासिका आणि चित्र समोरासमोरच्या पानांवर आलं हे माझ्यासाठी फार मोठं सुख आहे.

कागदाबद्दल: शाईच्या पेनचं अक्षर फुटत नाही. ब्रश-पेन जोरात दाबलं तर मागे सावली दिसते, पण उमटत नाही. कार्ट्रिजवर जलरंगाचे दोन हात बसतात. पान किंचित वळतं, रात्रभर वही मिटून वर जड पुस्तक ठेवलं की सरळ होतं. वही टेबलावर पहिल्या महिन्यापासून सपाट उघडते. शिलाईचा एक दोराही सैल झालेला नाही.

उणिवाही आहेत. काकांनी पाच दिवस सांगितले होते, नऊ लागले. मी पुण्यात होते म्हणून चाललं. वजन ४०० ग्रॅमच्या आसपास आहे, पर्समध्ये जाणवतं. मागच्या पुठ्ठ्याला कागदी खिसा लावून घेतला होता तो ऑगस्टमध्येच फाटला, तिथे कापडीच हवा. फिकट कापडाचा मोह टाळा, माझ्या निळ्यावरही पोस्टर कलरचे डाग आहेत. आणि दर आठवडा स्वतः आखायचा कंटाळा असेल तर तुम्ही छापील प्लॅनरच घ्या, तुमचे पैसे वाया जाणार नाहीत.

स्नेहसंमेलन नुकतंच झालं. यंदा पडद्यांची मापं १३८व्या पानावर होती आणि वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. पानांचे क्रमांक मी हाताने घातलेत, लॉइशटुर्मची ती सवय सुटली नाही. पुढच्या वहीत कार्ट्रिजचा एक जुज वाढवणार आहे आणि दहावीच्या जादा तासांसाठी शेवटी सोळा पानं वेगळी ठेवणार आहे. कुणाला करून घ्यायची असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यातच जा. जून उजाडला की काकांकडे शाळांची जनरल रजिस्टरं आणि हजेरीपत्रकं बांधायला येतात, मग एकट्या वहीचा नंबर लवकर लागत नाही.