आवड की नावड? एक प्रश्नावली, दोनदा भरून घेतल्यावर

पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवते. लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारी रचना) कोणाला जमला ते मार्कांवरून कळतं, पण ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असं मनाशी धरून कोण बसलंय ते कळत नाही. म्हणून यंदा ‘कम्प्युटिंग अ‍ॅटिट्यूड सर्व्हे’ ही प्रश्नावली सत्राच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि शेवटच्या आठवड्यात एकदा भरून घेतली.

मूळ भौतिकशास्त्रातलं. कोलोराडो विद्यापीठातून आलेल्या ‘क्लास’ नावाच्या ४२ विधानांच्या प्रश्नावलीवर (२००६) ही बेतलेली आहे. एकेक विधान आणि पुढे ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत पाच घरं. ही पट्टी रेन्सिस लिकर्ट यांची, १९३२ची. आपण सगळ्यांनी त्यांचं ‘लायकर्ट’ करून टाकलंय, ते वेगळंच.

उत्तर बरोबर की चूक असं इथे नसतं. जाणकारांनी त्याच विधानांना काय उत्तरं दिली, त्याच्याशी मुलांची उत्तरं ताडून बघायची. सहमत आणि पूर्ण सहमत एकाच टोपलीत. हे मला पटलं, कारण काही मुलं सगळीकडे टोकाच्याच घरात खूण करतात आणि काही जन्मात करणार नाहीत. तो स्वभाव झाला, विषयाबद्दलचं मत नव्हे. आवड हा मात्र यातला एकच गट. बाकी विधानं प्रश्न सोडवायच्या सवयी, अडल्यावर काय करता, शिकलेलं बाहेर कुठे दिसतं, अशी. नुसतं ‘मुलांना विषय आवडला का’ एवढंच हवं असेल, तर सरळ तसं विचारा. एवढा पसारा नको.

भाषांतर मी केलं आणि तिथे फसले. ‘प्रश्न अडला तर तो मला स्वतःहून सुटण्याची शक्यता नाही’, असं एक विधान लिहिलं. मागच्या बाकावरून लगेच हात वर. “मॅडम, असहमत म्हणजे सुटेल असं म्हणायचं ना? की सुटणार नाही असं?” अर्ध्या वर्गाने खोडरबर काढलं. नकारार्थी विधानाला नकार देणं मराठीत फार घोळाचं होतं. दुसऱ्या वेळी ‘अडलेला प्रश्न मी सोडून देते/देतो’ असं केलं, तर एकानेही काही विचारलं नाही. पण मग त्या विधानापुरती आधीची आणि नंतरची तुलना गेली, कारण विधानच बदललं. आधी चार मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायला हवं होतं.

दुसरी भानगड नावांची. नाव लिहायला लावलं की मुलं मॅडमना आवडेल ते लिहितात. नाही लावलं तर दोन कागदांची जोडी लागत नाही. मी सांकेतिक खूण दिली: आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि फोनचे शेवटचे दोन अंक. सत्र संपेपर्यंत तिघांचे फोन नंबर बदलले होते.

आता निकाल. ‘क्लास’ वापरणाऱ्यांना भौतिकशास्त्राच्या नेहमीच्या पहिल्या सत्रानंतर मुलांची मतं जाणकारांपासून लांब गेलेली दिसली होती. हे मी आधी वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, त्यांच्याकडे होत असेल. माझ्या वर्गात जाणकारांपासून सगळ्यात लांब गेलं ते पाठांतराचं विधान. सुरुवातीला ‘पाठ करणं हीच मोठी अडचण’ याला असहमत असलेली बरीच मुलं शेवटी सहमत झाली. एवढ्या छोट्या वर्गावरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, म्हणून मी एकेक कागद बघितला. मग स्वतःचीच प्रश्नपत्रिका काढली. पहिला प्रश्न: ‘फॉर लूपची वाक्यरचना लिहा.’ दुसरा: ‘व्याख्या लिहा.’ कागदावर, संगणकाविना. मुलं खोटं लिहीत नव्हती.

प्रश्नावलीला गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो लांबीसाठी: शेवटच्या पानावर खुणा मधल्या घरातून सरळ रेषेत खाली उतरलेल्या दिसतात. ‘क्लास’मध्ये यावर एक तोडगा आहे. मध्येच एक विधान सांगतं की न वाचता भरणारे ओळखायला हे आहे, अमुकच घर निवडा. मी ते घातलं नव्हतं. पुढच्या सत्रात घालणार आहे, आणि प्रश्नपत्रिकेतला पहिला प्रश्न बदलून झालाय.