टी कॉरोने की एसएस सिग्नी?

हे दोन अचानक उजळणारे तारे. नागपुरात 6 इंची दुर्बीण आहे, वेळ एकाच ताऱ्यासाठी आहे, तर कोणता धरावा? दोन्हीकडे श्वेत बटू (विझत आलेल्या ताऱ्याचा लहान, घट्ट गाभा) शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढतो. टी कॉरोनेत तो वायू बटूच्या पृष्ठभागावर साचून अणुस्फोट होतो. एसएस सिग्नीत फक्त बटूभोवतीची वायूची तबकडी भडकते; खरं तर त्याला स्फोट म्हणू नये.

टी कॉरोने 1866 आणि 1946 मध्ये दहाव्या प्रतीवरून (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा उजळ) दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळला, आणि आठवड्याभरात डोळ्यांआड गेला. पुन्हा नेमका कधी उजळेल ते सांगता येत नाही, म्हणजे रोज एक नजर, वर्षानुवर्षं. एप्रिल-मेच्या रात्री तो छान वर असतो. उत्तर मुकुट या तारकासमूहातल्या एप्सिलॉन ताऱ्यापासून अंशभर दक्षिणेला शोधा. तो तांबूस आहे, टक लावून पाहिलात तर उगाच उजळ भासतो. झटकन नजर टाका.

एसएस सिग्नी साधारण 50 दिवसांनी बाराव्यावरून आठव्या प्रतीवर येतो. ऐन हंगाम पावसात जातो, ऑक्टोबर-नोव्हेंबरची संध्याकाळ उरते. मंद असताना शहरातून दिसणं कठीण, रामटेककडे जावं लागतं.

प्रतीचा अंदाज घ्यायला शिकायचंय, आलेख काढायचाय, तर एसएस सिग्नी. गच्चीवरून दोन मिनिटंच जमत असतील आणि चिकाटी असेल, तर टी कॉरोने.